ज्वारीवर ज्वारी: गिरणीमालकांना एक खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व पिठाच्या गिरणीमालकांना आणि गिरणी चालवणाऱ्या ताई-दादांना,



लहानपणी आई मला दळणाचा डबा देऊन गिरणीत पाठवायची, तेव्हा निघताना एक वाक्य पाठ करून घ्यायची. "ज्वारीवर ज्वारी दळा म्हणावं." कारण साधं होतं. गव्हाच्या पिठात ज्वारी मिसळली की पोळी लाटताना तुटते, आणि ज्वारीत गहू गेला की भाकरी वातड होते. तुम्ही हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकत असाल. आज त्याच वाक्यासाठी मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. मात्र आता प्रश्न भाकरी वातड होण्याचा नाही, माझ्या मुलीच्या तब्येतीचा आहे.

मी साताऱ्यात राहते. माझ्या धाकट्या मुलीला पहिलीत शिवलेला गणवेश तिसरीतही अंगाबरोबर बसत होता. शिंपीकाकांनी पुढे सोडवता यावी म्हणून घेराला चार बोटं दुमड आत ठेवली होती, ती उसवायची वेळच आली नाही. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेलं. दर महिन्याला तोंड यायचं. जेवण झालं की पोट धरून कोपऱ्यात बसायची आणि खेळायला बोलवायला आलेल्या मुलींना "नंतर येते" म्हणायची. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, दृष्ट काढून झाली. लोहाच्या औषधाने दात काळे झाले, पण हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. "चण बारीक आहे, वाढेल हळूहळू," असं सगळे म्हणायचे, आणि मीही स्वतःला तेच सांगायचे.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की तिचा खरा आजार त्यांच्या मनात येऊन गेला होता, पण तो पंजाब-हरियाणाकडचा, आपल्याकडे नसतो, म्हणून त्यांनी तपासणी लिहून दिली नाही. मी त्यांना दोष देत नाही. ही समजूत एकट्या त्यांची नव्हे, आपल्या सगळ्यांचीच आहे.

आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर ताणली जाते, पोळी फुगते, ती त्याच्यामुळे. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा हे प्रथिन पोटात आलं की स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या तंतूंसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. ते अंकुर झिजतात आणि सपाट होतात. मग कितीही खाऊ घाला, लोह अंगी लागत नाही, कॅल्शियम लागत नाही, उंची थांबते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, अपचनही नव्हे, आणि मोठेपणी आपोआप जाणारी गोष्ट तर नाहीच. काही जणांना तर पोटाचा काहीच त्रास नसतो. नुसता न हटणारा रक्तक्षय असतो किंवा हाडं ठिसूळ होतात, आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

आता तपासणीबद्दल सांगते, कारण तिथे माझी मोठी चूक झाली होती आणि ती चूक रोज कुणी ना कुणी तुमच्या गिरणीत बोलून दाखवत असणार.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "गहू बंद करून बघ गं." मी बंद केला. पंधरा दिवसांत मुलीचं पोट उतरलं, ती पायऱ्या पळत चढायला लागली. मला वाटलं, सुटलो. महिन्याभराने पुण्याला एका बालरोगतज्ज्ञांना दाखवलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोळी पुन्हा सुरू करा." मला रडू फुटलं. त्यांनी शांतपणे समजावलं. रक्ताची जी तपासणी असते, टीटीजी नावाची, ती गव्हाविरुद्ध पेटलेल्या शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. गहू थांबला की ती हळूहळू उतरतात. रिपोर्ट चांगला येतो आणि आजार तसाच राहतो. मग घरातले म्हणतात, काही नाही तिला, द्या पोळी. म्हणून तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज गहू पोटात जायला हवा.

ते सहा आठवडे मी विसरू शकत नाही. तिला त्रास होणार हे माहीत असून समोर बसवून मी तिला पोळी भरवत होते. ती मुकाट्याने खायची, वर "आज कमी दुखलं" असंही सांगायची. मला बरं वाटावं म्हणून सांगायची, हे तेव्हाच कळत होतं.

टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर आलं. सोबत एकूण आयजीए नावाची तपासणीही केली होती. काहींच्या शरीरात तेच मुळात कमी असतं, आणि मग टीटीजी खोटंच चांगलं दिसतं. त्यानंतर दुर्बीण. भूल देऊन तोंडातून बारीक नळी घालतात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कणाएवढे चार-सहा तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अर्धा तासही लागला नाही. जाग आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "आता पोळी नको ना?"

डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आईवडील आणि सख्खी भावंडं यांच्यात शंभरात सात-आठ जणांना हाच आजार सापडतो. मोठ्या मुलाचं आणि नवऱ्याचं चांगलं आलं. माझं आलं नाही. दोन्ही बाळंतपणांत आणि त्यानंतरही मी लोहाच्या गोळ्या घेत आले, अशक्तपणा बायकांना असतोच म्हणून ढकलत आले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं की मुलीला हा आजार माझ्याकडून गेला असणार.

या आजाराला गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद, एवढाच उपचार. तो सापडला कसा, हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्या गोष्टीत गिरण्या थंड पडलेल्या आहेत. विलेम-कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० साली डिकेंनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. ज्या भुकेने इतकी माणसं मेली, त्याच भुकेने हे दाखवून दिलं, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आणि "आपल्याकडे नसतो" याचं काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या मिळून २३ हजारांहून अधिक प्रौढांचं रक्त तपासलं होतं. उत्तरेत १.२३ टक्के लोकांच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं सापडली, दक्षिणेत ०.१० टक्के. आनुवंशिक कल मात्र सगळीकडे जवळपास सारखाच होता. फरक होता ताटात. उत्तरेतल्या त्या लोकांच्या पोटात रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू जात होता, दक्षिणेतल्यांच्या २५ ग्रॅम. आता तुम्हीच सांगा. तीस वर्षांपूर्वी तुमच्या गिरणीत ज्वारीचा दगड जास्त फिरायचा की गव्हाचा? माझ्या आजीच्या घरी पोळी सणाला व्हायची. माझ्या घरी दोन्ही वेळा व्हायला लागली, डब्यात पोळी, मधल्या वेळेला बिस्कीट, रविवारी पाव. महाराष्ट्राचं ताट भाकरीकडून पोळीकडे कसं सरकलं, याची नोंद कुठल्याही दवाखान्यापेक्षा तुमच्या दगडांवर जास्त पक्की आहे.

तर आम्ही गहू बंद केला. नवा तवा, नवं पोळपाट-लाटणं, वेगळी चाळणी, वेगळी परात. फोडणीतला हिंग बदलावा लागला, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं, आणि मराठी घरात हिंगाशिवाय आमटी होत नाही. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू, सत्यनारायणाच्या प्रसादात रवा. प्रसाद नाकारताना माझ्या मुलीचा हात आधी पुढे जायचा आणि मग मागे यायचा. एकदा गुरुजींनीच तिला जवळ बोलावून केळं दिलं आणि म्हणाले, "हाही प्रसादच." खपली गहू चालतो, असं मला किमान दहा जणांनी आत्मविश्वासाने सांगितलं. चालत नाही. खपली हाही गहूच आहे. तुमच्याकडे कुणी विचारलं तर कृपा करून एवढं नक्की सांगा.

सहा महिन्यांनी पुन्हा टीटीजी केलं. उतरलं होतं, पण उतरायला हवं तेवढं नाही. डॉक्टरांनी विचारलं, चोरून खाते का? मी घरी येऊन मुलीला विचारलं. तिने मान हलवली आणि रडायला लागली. आपण खोटं बोलतोय असं आईला वाटलं, याचं ते रडू होतं. मी माझं टीटीजी केलं. तेही तसंच. मी तर चोरून खात नव्हते.

मग एका संध्याकाळी मी डबा ठेवून परत न येता गिरणीतच उभी राहिले. पुढच्या बाईंचे दहा किलो गहू संपत आले होते. वरच्या डब्यात खाली चार दाणे उरले असतील, तेवढ्यात माझी ज्वारी त्यावर ओतली गेली. पीठ पडतं तिथल्या कापडी नळ्याला दांडक्याने दोन टोले बसले, त्यातलं बरंच पीठ त्यांच्या डब्यात गेलं, उरलेलं माझ्या डब्यात पडू लागलं. आधी पिवळसर, मऊ, मग हळूहळू पांढरं, खरखरीत. माझ्या डोळ्यांसमोर रंग बदलला. ज्वारीची गिरणी वेगळी होती, पण संध्याकाळी गर्दी वाढली की तिच्यावरही गहू जायचा. तुमच्या बाजूने यात काहीच चुकीचं नाही. इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही, कारण मूठभर पिठाने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. आपल्या देशात 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे. गव्हाच्या पिठात ढोबळ मानाने दहावा हिस्सा ग्लुटेन असतं. दगडांत, नळ्यात, कोपऱ्यांत मिळून एक मूठ, समजा ५० ग्रॅम गव्हाचं पीठ राहिलं. ते माझ्या पाच किलो ज्वारीत आलं. म्हणजे ५ ग्रॅम ग्लुटेन, किलोला १,००० मिलिग्रॅम. मर्यादेच्या पन्नास पट. आम्ही घरात तवा वेगळा केला, चाळणी वेगळी केली, आणि रोजच्या भाकरीतूनच आमच्या दोघींच्या पोटात गहू जात होता.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवाल्या काकांना हे सगळं सांगितलं. मला धाकधूक होती की ते म्हणतील, एका डब्यासाठी एवढं कोण करणार. त्यांनी हातातला कुंचा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अहो ताई, मग उपवासाच्या दळणाला या की."

आषाढी, श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्र आली की तुम्ही गिरणी उघडता, दगड झाडता, नळा काढून झटकता, आधी थोडी भगर फिरवून ते पीठ बाजूला काढता आणि मगच राजगिरा, शिंगाडा, भगर घेता. दारावर खडूने लिहिता, 'आज उपवासाचे दळण'. कुणाचा उपवास मोडू नये म्हणून एवढी काळजी तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेत आलात. कुठल्याही सरकारी नियमाने तुम्हाला ते शिकवलेलं नाही. आम्हाला जे हवं आहे ते तुमच्या हातांना आधीपासून येतं.

त्या आठवड्यापासून आमची ज्वारी, नाचणी आणि तांदूळ गुरुवारी सकाळी, गिरणी साफ झाल्यावर पहिल्यांदा दळले जातात. आधी मी घरून नेलेला किलोभर तांदूळ फिरवतात, ते पीठ आमच्या डब्यात येत नाही. गहू खाणाऱ्या घरी ते चालतं, काकांच्या गाईला चालतं. मी दळणाचे पैसे जास्त देते. काका आधी घेत नव्हते, आता घेतात, आणि ते घ्यायलाच हवेत, कारण त्यांचा वेळ जातो आणि गिऱ्हाईक खोळंबतं. पुढच्या तपासणीत मुलीचं टीटीजी मर्यादेच्या जवळ आलं, त्याच्या पुढच्यात आत. या जूनमध्ये शिंपीकाकांनी घेराची दुमड उसवली. कापडाचा आतला निळा रंग बाहेरच्यापेक्षा गडद निघाला आणि ती पट्टी आता वेगळी दिसते. तिला ती फार आवडते.

माझं मागणं असं आहे. आठवड्यातून एक सकाळ तुम्ही गव्हाविना दळणासाठी ठेवा आणि तसा फलक लावा. उपवासाचं दळण करता तशीच सफाई, फक्त दर आठवड्याला. फिरवण्याचं धान्य गिऱ्हाइकाने आणावं आणि जादा मजुरी द्यावी, हे तुम्हीच ठरवून सांगा, आम्ही आनंदाने देऊ. शहरात ज्याच्या तीन गिरण्या आहेत त्याने एक कायमची ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाला ठेवली, तिच्यावर गर्दीतही गहू घेतला नाही, तर फारच उत्तम. शक्य असेल तर ती वेगळ्या खोलीत असावी, कारण गव्हाचं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत नाही. घरघंटी घ्या, असं मला पुष्कळांनी सुचवलं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावी. पण ज्या घरात आधीच औषधांवर आणि पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांवर पैसा गेलाय, तिथे आणखी पंधरा-वीस हजार कुठून आणायचे? म्हणून जिल्हा परिषदेच्या योजनेतून ज्या बायकांना गिरणी मिळाली आहे त्यांना माझी वेगळी विनंती आहे. तालुक्यात तुमच्यातल्या एकीने जरी गव्हाला कायमचं बाहेर ठेवलं, तरी पंचक्रोशीतले आमच्यासारखे लोक शोधत येतील, आणि भाकरी खायची म्हणून चांगली ज्वारी मागणारेही येतील. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला कौतुक हवं असतं, ते तिथे मिळेल.

दुसरं मागणं दळणाचं नाही, बोलण्याचं आहे. हल्ली तुमच्याकडे येऊन कितीतरी जण सांगतात, "गहू बंद केलाय, पोटाला हलकं वाटतं." त्यातल्या बहुतेकांना हा आजार नसणार, आणि भाकरी खाणं केव्हाही चांगलंच. पण त्यात एखादी बाई अशी असेल जिचं रक्त गोळ्यांनी वाढत नाही. एखादं मूल असेल ज्याची उंची थांबली आहे, ज्याचं पोट सारखं बिघडतं. कुणाला थायरॉइड किंवा लहानपणापासूनचा मधुमेह असेल, त्यांच्यातही हा आजार जास्त आढळतो. त्यांना तुम्ही एवढंच म्हणा: "गहू सोडण्याआधी डॉक्टरांना विचारून टीटीजी तपासून घ्या. आधी सोडलात तर रिपोर्टात दिसणार नाही." देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत नोंदलं आहे. त्यातल्या बहुतेकींचं कारण आहार, पाळी आणि बाळंतपणं हेच आहे, हे मला माहीत आहे. सगळ्यांनी ही तपासणी करावी असं मी म्हणत नाही. पण तीन महिने नीट गोळ्या घेऊनही जिचं हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, तिने कारण शोधायला हवं. मला कुणीतरी हे वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. दवाखान्यात मी वर्षातून दोनदा जायचे. गिरणीत दर आठवड्याला जात होते.

दिवाळीत आम्ही अकोल्याला मुलीच्या आत्याकडे जाणार आहोत. गेल्या वर्षी एसटीत आठ किलो पिठाचा डबा मांडीवर घेऊन गेले होते. दहाव्या दिवशी ते संपलं तेव्हा उरलेले दोन दिवस मुलीला वरणभात आणि साबुदाण्याची खिचडी घातली. या वर्षी डबा लहान नेणार आहे. पोचल्यावर तिथल्या गिरणीत जाऊन आधी एकच गोष्ट विचारीन: "काका, उपवासाचं दळण कोणत्या दिवशी असतं?"

आपली नम्र,
साताऱ्यातली तुमची एक गिऱ्हाईक